वरवटची सुईण

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. आमचं धर्मादाय मंडळ जळगाव जामोदला खेड्यातल्या सुईणींचा वर्ग भरवायचं आणि मी हजेरी घ्यायचो. वरवट बकालची एक म्हातारी दर बाजाराला पायी यायची. हजेरीला ती स्वतःचं नाव कधी सांगत नसे. "वरवट" एवढंच म्हणे.

एकदा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की न उकळलेल्या विळ्यानं नाळ कापली तर बाळाला धनुर्वात होतो.

म्हातारी उठून उभी राहिली. "मंग माह्या हातचे लेकरं आठव्या दिवशी आखडून गेले, ते माह्याच विळ्यानं काय, बाई?"



पुढच्या बाजाराला ती आली, ती कपाळावर खोक घेऊन. गावात घरोघर जाऊन तिनं त्या आयांना सांगितलं होतं, की तुमचं लेकरू माझ्यामुळे गेलं.

"काऊन सांगतलं, आजी?" मी चिडून विचारलं.

"सासवा त्या पोरींले पांढऱ्या पायाच्या म्हणत, भाऊ. मी कशी गप राहू?"

वर्ग संपेपर्यंत तिनं एकही दिवस चुकवला नाही. पण गावानं तिला पुन्हा बाळंतपणाला बोलावलं नाही. बोलावणं जाई ते दुसऱ्या सुईणीला, आणि ती आमच्या वर्गाला कधी आलीच नव्हती.