वहिनीनं हात काढला नाही

मंडळी, आज दुपारी थोरल्या भावाला पायाच्या तपासणीसाठी कराडला नेलं. गुडघ्यामागचा व्रण पाहून डॉक्टर म्हणाले, "एवढी मोठी शीर तुटून वाचलात कसे?"

दादानं शेजारी बसलेल्या वहिनीकडं बोट केलं. "हिनं सोडलं न्हाई."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दादा फौजेतून सुट्टीवर आला होता. ऊसतोडणीत शेजारच्याचा कोयता निसटला आणि दादाच्या गुडघ्यामागं बसला. काळपट रक्त थांबेना. नव्या नवरीनं, म्हणजे वहिनीनं, पदराचा बोळा जखमेत दाबला. तसंच वडील आणि मी त्या दोघांना घेऊन ट्रकमधून सांगलीला निघालो.

"वहिनी, आता मी धरतो," मी म्हणालो.

"नको. हात हलला की रगात उसळतंय."

दादाचे डोळे मिटू लागले. वडिलांसमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी किंचाळली, "आवं, झोपू नका! बोला माझ्याशी!"

दवाखान्यात तिची आखडलेली बोटं डॉक्टरांनीच सोडवली. शीर जोडली, पाय वाचला.

आज परतताना वहिनी हळूच म्हणाली, "तवा लय भ्याले हुते मी."

इतक्या वर्षांत आम्ही तिचं कौतुक पुष्कळ केलं. भीती वाटली का, हे कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंय कधी, तुमच्या घरातल्या अशा माणसाला?