विहिरीचं वळण

आमच्या पणदऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीत सरळ पोहण्याची सोयच नव्हती. विहीर गोल, तेव्हा पोहणाराही गोलच फिरणार. एका अंगाला मोट चालू असायची. ती खाली उतरताना उजव्या हाताला ठेवायची आणि आपण डावीकडं वळायचं, हा आमच्या विहिरीचा कायदा. माझ्या उजव्या हाताचा जोर त्या वळणानं असा काही वाढला की डोळे मिटून पोहलो तर मी आपोआप डावीकडं जायचो. विहिरीत त्याला पोहणं म्हणत. पुण्यात त्याला दोष म्हणाले.

मला पाण्यात ढकललं ते आत्यानं. तिला इंदापूरकडं, भीमेच्या काठी दिलेली. तिथल्या बाया नदी पोहून पलीकडच्या शेतात खुरपायला जात. नवरा वारल्यावर ती आमच्या घरी परत आली. सोबत काही फार आणलं नव्हतं, पण पोहणं आणलं होतं. लुगड्याचा कासोटा घट्ट मारून ती विहिरीत सूर मारायची आणि गावातल्या शहाण्यांच्या पोटात दुखायचं. एकदा एक म्हातारे माझ्या वडलांकडं गाऱ्हाणं घेऊन आले. वडील काही बोलायच्या आत ही ओल्या लुगड्यानिशी पुढं झाली.

"विहीर आमची, पाणी आमचं, भिजतीया मी. तुमचं काय वल्लं हुतंय, तात्या?"

तात्या चहा न घेता गेले. तिनं माझ्या पाठीला पांगाऱ्याचं वाळकं, पाण्यावर तरंगणारं लाकूड बांधलं आणि मला पायरीवरून लोटून दिलं. असं आमचं शिक्षण.

पुढं मी शेतकी शिकायला पुण्यात गेलो आणि तिथल्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागलो. एका वर्षी परदेशातला एक संघ आपल्याकडं शर्यती खेळायला येणार असं ठरलं. त्यात एक नवी शर्यत होती. एकाच माणसानं चार तऱ्हांनी पोहायचं. आधी दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकत, म्हणजे फुलपाखरू. मग उताणं, मग बेडकासारखं आणि शेवटी नेहमीचं हातावर हात मारत. फुलपाखराचं नाव काढलं की शहरातले भलेभले खांदे चोळायला लागत. एक मुंबईचा गडी तयार झाला, दुसरा कुणी मिळेना. मी हात वर केला. तलावाचे चिटणीस माझ्याकडं बघून म्हणाले, "ठीक आहे. एक रांग रिकामी दिसायला नको. पण विहिरीतलं पोहणं वेगळं आणि हे वेगळं, हे ध्यानात ठेवा."

त्यांनी हे नसतं म्हटलं तर कदाचित मी दोन दिवसांत नाद सोडला असता. आता मात्र ती शर्यत पुरी करायचीच, असं माझ्या डोक्यानं घेतलं. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. चारी तऱ्हा पुऱ्या करून शेवटच्या भिंतीला हात लावायचा, एवढंच मला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी येऊन कालव्यात सराव धरला. कालवा सरळ, त्यामुळं विहिरीचं वळण मोडेल असा माझा हिशेब. आत्या काठावर बसून माझं फुलपाखरू बघायची.

"ह्याला फुलपाखरू म्हंत्यात व्हय? मला तर म्हस चिखलातनं उठल्यावानी दिसतंय."

कालव्यात उतरायला बंदी होती. पाटकरी सायकल टाकून ओरडत आला, तेव्हा तीच त्याला आडवी गेली. "वरडतुस कशापायी? त्यो काय कालवा पिऊन टाकणार हाय?" पाटकऱ्यानं आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि सायकल उचलली. उताणं पोहताना मी काठावरच्या बाभळींच्या शेंड्यांवर नजर ठेवायचो. शेंडे दिसत राहिले की मी सरळ जातोय, हे कळायचं.

शर्यतीच्या दिवशी आत्या बारामतीहून दौंडच्या छोट्या गाडीनं निघाली, पुढं मोठ्या गाडीत बसली आणि भाकरीचं गाठोडं घेऊन तलावावर हजर झाली. बायकांच्या बाकांवर सगळ्या गोल पातळातल्या, त्यात ही एकटी नऊवारी लुगड्यात.

आम्ही चौघे उभे राहिलो. दोघे परदेशी, एक मुंबईचा आणि मी. इशारा झाला. फुलपाखरात मी मागं पडलो, पण कसाबसा पलीकडं पोचलो. मग उताणा झालो, आणि वर बघतो तर नुसतं आभाळ! बाभळ नाही, तार नाही, एक ढगसुद्धा नाही. नजर लावायची कशावर? उजवा हात आपल्या जुन्या सवयीनं ओढायला लागला. थोड्याच वेळात मी दोन रांगांमधल्या दोरावर जाऊन आदळलो. नाकातोंडात पाणी गेलं. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अरे, ही विहीर नाही!" सावरलो आणि पुन्हा दोरावर. चिटणीस काठावरून हातानं खुणावत होते, बाहेर या, बाहेर या. मला इतका संताप आला की पाणी गिळलं का राग गिळला, हेच कळेना.

तेवढ्यात बायकांच्या बाकांवरून आवाज आला.

"आरं मुडद्या, डावा हाण! डावा! निजलास का काय?"

मी डावा हात हाणला. दोर लांब गेला. एक पंच तिच्याकडं धावले. स्पर्धकाला बाहेरून सूचना द्यायची नाही म्हणाले.

"सूचना कुठं देतीया? शिव्या देतीया," आत्या म्हणाली आणि पुन्हा ओरडली.

मी बेडकासारखं पोहलो, मग हातावर हात मारत निघालो. बाकीचे तिघे केव्हाच बाहेर येऊन अंग पुसत होते. मी भिंतीला हात लावला आणि वर बघितलं, तर माझ्या रांगेचा घड्याळवाला उठून गेला होता. खुर्ची रिकामी. कर्ण्यावरून पुकारलं, पहिला, दुसरा, तिसरा, ज्याच्या त्याच्या गावाच्या नावासकट. मग म्हणाले, चौथ्या स्पर्धकानं शर्यत पुरी केली नाही.

मी तसाच ओला चिटणिसांसमोर जाऊन उभा राहिलो. "मी हात लावलाय भिंतीला."

"अहो, घड्याळ कधीच थांबवलं. शेवटचेच आलात ना? मग काय फरक पडतो?"

"शेवटचा आलो, तर शेवटचा आलो असं सांगा. आलोच नाही, असं सांगू नका."

ते हसले. मी हललो नाही. पुढच्या शर्यतीचे पोहणारे येऊन उभे राहिले, तरी मी हललो नाही. माझ्या अंगावरच्या पाण्याचं थारोळं चिटणिसांच्या बुटांपर्यंत गेलं. आत्या बाकांवरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. शेवटी त्यांनी कर्णेवाल्याला हात केला.

"पुणे म्हणू नका," मी म्हटलं. "पणदरे. तालुका बारामती."

कर्णा खरखरला. "चौथा क्रमांक, पणदरे, तालुका बारामती." सगळ्या तलावावर मोठा हशा पिकला. परदेशी पाहुणे काय झालं म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. माझे कान तापले.

आत्यानं पदरानं माझं डोकं खसाखसा पुसलं.

"हसूं दे," ती म्हणाली. "समद्यांनी आयकलं न्हवं?"