कमळीच्या ढावलोला जमलेली चाळ

फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावरून मी सासरी निघाले त्या सकाळी कोणी शेतात गेलं नाही. सगळ्या बाया आमच्या अंगणात, आणि मी एकेकीच्या गळ्यात पडून रडतेय, असं बराच वेळ चाललं. नवरा नागपूरला ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला. शहराची हवा लागलेला. तो सारखा घड्याळ बघत होता, कारण यवतमाळला पुढची एस.टी. गाठायची होती. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, त्याला आमच्या बोलीत सुनावलं, "गाडी दुसरी मिळेल. हिला रडून घेऊ दे." मग तो घड्याळावर बाही ओढून बसला.

आम्हा बंजाऱ्यांत हे रडणं उगीचचं नसतं. त्याला ढावलो म्हणतात. नवरी गळ्यात पडून रडत रडत गाते, कुणी तिला भरवलं, कुणी केस विंचरले, कुणी मार चुकवला. हे आपोआप येत नाही. लग्नाआधी संध्याकाळी बाया जमतात आणि तिला शिकवतात. ज्या नवरीला ढावलो येत नाही तिच्या मागं माणसंच नाहीत, असं सासरी धरून चालतात. आणि अशा सुनेला कसं वागवतात ते मी सांगायला नको.

तांड्यावरच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या शहरात येऊन पडलेल्यांनो, माणसांनी एकत्र यायला मराठीत किती शब्द आहेत ते मला नागपुरात कळलं. बाजार भरतो, सभाही भरते. पंच बसतात. सिनेमाला गर्दी होते. नळावर भांडण लागलं की बघे गोळा होतात, पण पाहुणे जमतात. पाहुणे गोळा झाले म्हटलं तर त्यांना राग येतो. आम्हाला आमच्या गोरबोलीतलं 'भेळे होणं' एवढं एकच पुरायचं, लग्नाला, मरणाला, तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकानं हाक मारली तरी. मी सगळे शब्द शिकले आणि झोकात वापरूही लागले. नळावर तर कुणाच्या बापाला ऐकत नव्हते. फक्त चाळीतल्या आमच्या खोलीत कोणी जमत नव्हतं, आणि ते मला फार लागायचं.

मग कमळीचं लग्न ठरलं. कमळी माझी नणंद, सासू वारल्यावर आमच्याकडेच वाढलेली. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, पोरगी सातवी पास होती आणि स्थळ पांढरकवड्याकडच्या मोठ्या तांड्यातलं होतं. तिला ढावलोची एक ओळ येत नव्हती. मी एकटी शिकवणार कशी? गळ्यात पडायला बाया लागतात. शहरात विखुरलेल्या आमच्या बायांना मी घरोघर फिरून निरोप दिला. सगळ्या म्हणाल्या, "जमलं तर येते." मराठी त्याही चांगली शिकल्या होत्या.

ठरल्या संध्याकाळी कोणी आलं नाही. कमळी म्हणाली, "राहू दे ना भाभी. नाही रडलं तर काय होते?" तिचा चेहरा मात्र उतरला होता. मला रागच आला. म्हटलं, दोघी तर दोघी! तिला जवळ ओढलं, सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीला मला माझी याडी आठवली. मग शिकवणं राहिलं बाजूला. मी असा गळा काढला की कमळीनंही हंबरडा फोडला.

दार धाडकन उघडलं. शेजारच्या लीलाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं वो राठोडबाई? कोन गेलं?" त्यांच्या मागं अख्खी चाळ. कुणी चूल विझवून आलेली, कुणी लेकरू काखेत मारून. एका घरचा माणूस तर तिरडीचे बांबू आणायला सायकलवर निघालाही होता. त्याला कोपऱ्यावरून परत आणावं लागलं.

मी नाक पुसत सांगितलं की कोणी गेलं नाही, कमळी सासरी जाणार आहे, आमच्यात असं शिकवतात. वाटलं, आता हसतील. लीलाबाई कमळीकडं बघत राहिल्या. त्यांची लेक चांद्याला दिलेली होती.

"मंग दोघीच काहून रडून राह्यल्या? आमाले बलावता नाई आलं?" असं म्हणत त्यांनी पिठाच्या हातांनीच कमळीला कुशीत घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलत रडू लागल्या. मग दुसरी पुढं आली, मग तिसरी. लग्नापर्यंत रोज संध्याकाळी आमची खोली भरू लागली. गोरबोलीचा एक शब्द कुणाला येत नव्हता, पण गळ्यात पडायला सगळ्या पक्क्या. मी चाल धरायची आणि त्यांनी रडायचं, असं ठरूनच गेलं. कमळी तर अशी तयार झाली की तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जाई.

निघायच्या दिवशी ती एकेकीच्या गळ्यात पडली आणि प्रत्येकीचं नाव घेऊन गायली. कमळीच्या नवऱ्याची म्हातारी आत्या डोळे बारीक करून बघत होती. या नऊवारीतल्या बाया आमच्यातल्या नाहीत, हे तिला दिसतच होतं. आता ती म्हणणार, या पोरीच्या मागं आपली माणसंच नाहीत. आमच्यात तांडा नायकाच्या नावानं ओळखतात. आत्यानं कमळीला विचारलं, "पोरी, तुझा तांडा कोणाचा?"

मी सासऱ्यांच्या तांड्याचं नाव सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच कमळी डोळे पुसत म्हणाली, "लीलाबाईचा."

म्हातारीनं साऱ्या चाळीवरून नजर फिरवली, होकारार्थी मान डोलावली आणि सुनेचा हात धरून तिला वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढवलं. याडी, तू रागावू नकोस, पण माझा तांडा कोणाचा असं आता कुणी विचारलं की मीही तेच सांगते.