शून्यावरचा काटा

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मॅनेजर किशनरावांनी वायरमन ग्यानोबा सरवदेपुढं एक टाइप केलेला कागद सरकवला. साक्षीदार म्हणून खाली सही करायची होती. ग्यानोबानं तो उभ्या उभ्याच वाचला. 'सदर कामगाराने वीजप्रवाह बंद असल्याची खात्री न करता निष्काळजीपणे यंत्रास हात लावला.' त्यानं कागद टेबलावर पालथा घातला.

"भुजंगनं खात्री केली व्हती, साहेब. तुमच्या मीटरनं त्याला फसवलं."

लातूरबाहेर औशाच्या रस्त्यावरची ती करडईच्या तेलाची मिल. ग्यानोबा तिथं सोळा वर्षांपासून होता. मूळचा मुदखेडकडचा. तरुणपणी तिथल्या रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागला आणि मलप्पा नावाच्या म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली विजेचं काम शिकला. मलप्पानं त्याला एक गोष्ट शंभरदा घोकून घेतली होती. मीटर आधी चालू लाइनीवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाइनीवर, मग पुन्हा चालू लाइनीवर. मधे काटा शून्यावर आला म्हणून खूश व्हायचं नाही. दोन्ही बाजूंनी तो खरं बोलला तरच मधलं शून्य खरं.

मिलमधला जुना मीटर विटेएवढा जड होता. वरसाखाली त्याचा काटा अडकला तो सुटलाच नाही. ग्यानोबानं तसाच नवा आणा म्हणून लिहून दिलं. ऑफिसनं तीन दुकानांतून भाव मागवले आणि सगळ्यात स्वस्त होता तो आणला. पिवळ्या प्लास्टिकचा, तळहातावर मावणारा, वायरी सुतळीएवढ्या. ग्यानोबानं पाठ उघडून पाहिली, तर आत फ्यूजचा पत्ता नाही. हे रेडिओ दुरुस्त करणाराचं हत्यार आहे, चारशे चाळीसच्या लाइनीवर माणसाचा जीव घेईल, असं त्यानं किशनरावांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मीटर वापरायचं काम तुझं, निवडायचं ऑफिसचं.

त्यावर ग्यानोबा गप्प बसला. दोन बल्ब एकापुढं एक जोडून त्यानं स्वतःपुरता टेस्ट लॅम्प केला, तो स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि पिवळा मीटर कपाटात पडू दिला.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गावात नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, जीपगाड्या धुरळा उडवत होत्या आणि पाण्याच्या टँकरमागं बायांची भांडणं चालली होती. दुष्काळाचं हे दुसरं वरीस. विहिरीच्या तळाचं पाणी ओढायला जो तो मोटार लावून बसलेला. त्यामुळं लाइन यायची ती चार-पाच तास, आणि तीही मरतुकडी. मिलमधल्या मोटारी घुमायच्या, तापायच्या, जळायच्या. लाइन असताना दहा मिनिटं जरी घाणा बंद राहिला, तरी किशनराव डोक्यावर येऊन उभे राहायचे.

भुजंग औशाजवळच्या एका कुणब्याच्या घरचा, सव्वीस वर्षांचा बाप्या. रान पडीक पडल्यावर मिलमध्ये आला आणि दोन वर्षांत ग्यानोबाच्या हाताखाली तयार झाला. त्याला मामा म्हणायचा. त्या दिवशी ग्यानोबा शिरूर अनंतपाळला एका सोयऱ्याच्या मातीला गेला होता. पिशवी घरी, खुंटीला. इकडं भर दुपारी घाण्याची मोटार थांबली. भुजंगनं मेन स्विच पाडला. स्विच जुना होता. त्याचं एक पातं जळून चिकटलेलं, ते सुटलंच नाही. एका तारेत वीज राहिली. भुजंगनं कपाटातला मीटर काढून लावला. काटा शून्यावर. किशनराव मागून म्हणत होते, आटप, आटप; मीटर चालू लाइनीवर पडताळायला सवडच नव्हती. भुजंगनं हात घातला.

जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची आई चतुराबाई बसली होती. ग्यानोबाला पाहून ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमीच शिकवलं न्हवं का त्याला?"

ग्यानोबाला किशनरावांचा राग होताच. त्या बाईच्या शब्दानं तो उलटा फिरून त्याच्याच काळजात घुसला. मीटर धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं स्वतःची सोय केली आणि पोराला... पोराला कपाटातला साप ठेवला. मीटर दगडानं फोडून टाकला असता तर काय झालं असतं? फार तर नोकरी गेली असती.

दवाखान्यातून तो तडक मिलमध्ये गेला, मीटर रुमालात बांधला आणि घरी नेला. सहीचा तो कागद पुढं आला त्याच दिवशी तो नव्या जिल्ह्याच्या वीज निरीक्षकाच्या कचेरीत गेला आणि आपल्या हातानं लिहिलेला अर्ज देऊन आला. किशनरावांनी निरोप धाडला, मिलची वस्तू चोरल्याबद्दल पोलिसांत देईन. ग्यानोबानं सांगितलं, जरूर द्या, तिथंही मीटर दाखवीन.

चार दिवसांनी निरीक्षक मिलमध्ये आले. मालक महादेवप्पा, किशनराव, सगळे कामगार गोळा झाले. किशनराव सांगू लागले की माणूस अडाणी, मीटर वापरायची अक्कल नव्हती. ग्यानोबानं त्यांचं संपू दिलं नाही. त्यानं चालू लाइनीवर टेस्ट लॅम्प लावला. दोन्ही बल्ब पेटले. त्याच जागी पिवळा मीटर लावला. काटा शून्यावर. मग त्यानं मीटरची वायर मुळाशी बोटानं जरा वाकवली. काटा टुणकन उडाला. सोडली, पुन्हा शून्य. आतली तार तुटलेली होती, वरचं प्लास्टिक तेवढं धडधाकट.

"आता सांगा साहेब, अक्कल कुणाला न्हवती?" त्यानं किशनरावांना विचारलं.

निरीक्षकांनी स्वतः वायर वाकवून पाहिली, चिकटलेला स्विच पाहिला आणि दोष मिलचा असं लिहिलं. भुजंगला भरपाई मिळायची वाट मोकळी झाली. महादेवप्पांनी खाली बघत ग्यानोबाला सांगितलं, तुला पाहिजे तो मीटर तूच आण.

लातुरातल्या दुकानांत पुन्हा तेच पिवळे मीटर होते. ग्यानोबा एसटीनं नांदेडला गेला. तिथल्या दुकानदारानं आधी आकडे उमटणारा नवा मीटर काढला; बघा, काट्याची कटकटच नाही. ग्यानोबा म्हणाला, आमच्याकडं लाइन डुगडुगते, ती डुगडुग मला काट्यावर डोळ्यानं दिसली पाहिजे. मग काट्याचे चार मीटर पुढं आले. पहिला पाचशे व्होल्टलाच संपत होता, चारशे चाळीसच्या लाइनीला तो अपुरा; तो त्यानं हातही न लावता सरकवला. दुसऱ्याची पाठ उघडायला लावली, फ्यूज नव्हता. तिसऱ्याच्या वायरींच्या टोकाला बोट घसरू नये म्हणून आडवी कड नव्हती. दुकानदार वैतागला. एवढी चिकित्सा तर लोक सोयरीक जुळवताना करत नाहीत, म्हणाला.

"सोयरीक मोडता येती," ग्यानोबा म्हणाला. "तुटलेली बोटं पुन्हा फुटत न्हाईत."

चौथा हजार व्होल्टचा होता. जाड रबरी वायरी, आत फ्यूज. त्यानं दुकानातल्या प्लगवर तो लावला आणि दोन्ही वायरी मुळाशी, मधे, टोकाशी वाकवून पाहिल्या. काटा चढला होता तिथून हलला नाही. जादा वायरींचा एक जोडही त्यानं घेतला.

ग्यानोबा मिलमध्ये आल्यावर किशनरावांनी फर्मान काढलं, मीटर कपाटात राहील, किल्ली माझ्यापाशी, लागेल तेव्हा सही करून न्यायचा. ग्यानोबाच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"मग लाइनीत हात बी तुमीच घाला," तो म्हणाला आणि मीटर खांद्याला अडकवून घाण्याकडं निघून गेला. त्यानंतर किल्लीचं नाव कुणी काढलं नाही.

दोन महिन्यांनी भुजंग परत आला. वायरमनकी आता होणार नव्हती. त्याला वजनकाट्यावर बसवलं. पहिल्याच दिवशी त्यानं नवा मीटर डाव्या हातानं उचलून पाहिला. "जड हाय, मामा," म्हणाला आणि खाली ठेवला. ग्यानोबाला वाटलं होतं मीटर आला की आतली आग जरा निवेल. ती निवली नाही.

मग सुटीच्या दिवशी तो सायकल काढून दुसऱ्या मिलींमध्ये जायला लागला. वायरमनला गाठायचा, मीटर दाखव म्हणायचा. डाळ मिलीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, बर्फाच्या कारखान्यात तसलेच पिवळे मीटर निघाले. दोन ठिकाणी त्याला फाटकाबाहेर काढलं. एका ठिकाणी मॅनेजरनं विचारलं, तू कोण रे सांगणारा? तिथं तो तासभर फाटकासमोरच उभा राहिला, ऊन डोक्यावर घेत.

बर्फाच्या कारखान्यातल्या वायरमननं मात्र त्याचं सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या मीटरची वायर वाकवून पाहिली, आणि खिशातून पेन काढून नांदेडच्या त्या दुकानाचा पत्ता हातावर लिहून घेतला.