तयारीच्या सभेतला प्रश्न

मस्कतला आमची मराठी ख्रिस्ती मंडळी वीस-पंचवीस माणसांची होती. रुवीला चर्चच्या आवारात सगळ्या भाषांना वेळ वाटून दिलेली होती. आमच्या वाट्याला शुक्रवारी सकाळी मागची लहान खोली यायची. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, तीन महिन्यांतून एकदा, आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी तयारीची सभा. ही रीत नगरकडची. आमच्या पणज्याच्या वेळी गोऱ्या मिशनरी साहेबाने घालून दिलेली. कोण जत्रेला गेलं, कोणी देवळातला प्रसाद खाल्ला, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे तिथे सगळ्यांसमोर विचारायचं. दोषी ठरला त्याला भाकर आणि प्याला नाही. साहेब केव्हाच गेले, पण ते विचारणं आमच्याबरोबर इथवर आलं.

मी दार्सैतला एका गुजराती घरात कामाला होते. त्या घरच्या आजींचे गुडघे दुखायचे, म्हणून संध्याकाळी त्यांना धरून कृष्णाच्या देवळापर्यंत नेत असे. मी बाहेर चपलांपाशी थांबायची. परत येताना प्रसादाची पुडी माझ्याकडे असायची, कारण आजींच्या एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर. पुडी ओट्यावर ठेवायची आणि कामाला लागायचं. मी कधी खाल्ला नाही.

हे मी फक्त एका बाईला सांगितलं होतं. ती शेजारच्या इमारतीत कामाला होती, आमच्याच मंडळीतली. शुक्रवारी आम्ही एकाच टॅक्सीने जायचो.

त्यानंतर मंडळीतल्या बायकांचं माझ्याशी वागणं बदललं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बायकोला सगळ्या मावशी म्हणत. त्या एकदा मला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "देवळाकडे हवा छान असते म्हणे संध्याकाळची." मला वाटलं, टॅक्सीतल्या बाईनेच सांगितलं. मी टॅक्सीत बोलणं सोडलं.

"काय गं, दात दुखतो का?" ती विचारायची. मी मान हलवायची. असा महिना गेला.

तयारीच्या सभेत पंचांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमच्याविषयी कानावर आलंय. मूर्तीपुढचा प्रसाद घेता तुम्ही?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. मंडळीत घेतल्यापासून माझी भाकर एकदाही चुकली नव्हती. परक्या मुलखात तेवढंच माझं होतं. तरी नाही हा एक शब्द तोंडातून निघेना.

तेव्हा टॅक्सीतली तीच बाई उठली. "ती खात नाही. मी जाता-येता बघते तिला. म्हातारीला सांभाळत आणते, पुडीची गाठसुद्धा सोडत नाही."

"जाता-येता बघतेस?" मावशी म्हणाल्या. "तुला घरात कामं नाहीत वाटतं?"

सगळे हसले. पंच म्हणाले, "बरं, मग हरकत नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. पण आठवडाभर एकच घोळत राहिलं. मला विचारणार हे टॅक्सीतल्या बाईला आधीच माहीत होतं का? उत्तर इतकं तयार कसं होतं?

पुढच्या शुक्रवारी प्रभुभोजनाआधी चर्चच्या पाळकांनी सांगितलं, की ज्याच्या मनात आपल्या बहिणीविषयी काही असेल त्याने आधी समेट करावा, मग प्रभूच्या मेजाजवळ यावं. भाकरीचं ताट बायकांच्या बाजूला आलं. ती माझ्या शेजारीच बसलेली. माझा हात उचलला गेला नाही. मी ताट पुढे दिलं.

"अगं, घे ना," ती कुजबुजली.

मावशींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मग पंचांकडे. त्यांना काय वाटलं ते मला कळलं. खाल्ला असणार, म्हणूनच घाबरली.

टॅक्सीत बसल्यावर तिने विचारलं, "खरं सांग. खाल्ला होतास?"

"नाही."

"मग भाकर का सोडलीस? मला तोंडघशी पाडलंस सगळ्यांत."

मी सगळा धीर गोळा केला. "तुझ्यावर संशय होता माझा. मावशींना तूच सांगितलंस म्हणून."

ती रागावली नाही, की मी सांगितलं नाही असंही म्हणाली नाही. पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, यहीं रोको." आणि मला म्हणाली, "भाजी घ्यायचीय मला. तू जा पुढे."

ती उतरली. शुक्रवारची दुपार होती, मशिदींत नमाजाची वेळ. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची शटरं खाली होती.