रविवारी वाजलेला फोन

डोलिना शेजारच्या बेटावरून लग्न होऊन आमच्याकडे आली, तेव्हा बोटीतून तिच्याबरोबर एक मेंढी आणि तेरा खुर्च्या उतरल्या. तेराच का, हे मी तिला चाळीस वर्षं विचारतोय. "चौदावी मोडली," एवढंच सांगते. पण त्या खुर्च्यांवर बसून तिच्या हातचे हेरिंग मासे आणि बटाटे खाल्ले नाहीत असा माणूस आमच्या बेटावर सापडायचा नाही.

तिचा नवरा टोर्मोद माझा शाळेतला दोस्त. मास्तरांच्या टोपीत खेकडा आम्ही दोघांनी मिळून ठेवला होता, ती गोष्ट वेगळी. साठी उलटली आणि त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा मुख्य भूमीवर जायचं. अडीच तास बोट, चार तास यंत्र, पुन्हा अडीच तास बोट. "खलाशी झालोय, फक्त पगार नाही," म्हणायचा. हिवाळ्यात वादळाने बोट बंद पडली की डोलिना खिडकीपासून हलायची नाही.

आपल्या छोट्या इस्पितळात एक डायलिसिसची खुर्ची यावी, म्हणजे टोर्मोद घरी राहील, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने लॉकहार्टसाहेबांना धरलं. ते एडिंबराच्या पार्लमेंटात आमच्या भागाचे एक सदस्य, बेटावर आले की डोलिनाकडेच उतरायचे. त्या पार्लमेंटात मतांच्या प्रमाणात जागा वाटतात, त्यामुळे कुणालाच सहसा बहुमत नसतं आणि बजेटच्या दिवसांत सरकार दारोदार मतं मागत फिरतं. त्या वर्षी सरकारला दोन मतं कमी होती आणि लॉकहार्टांच्या पक्षाचे होते बरोब्बर दोन.

"डोलिना, तुमची खुर्ची ही आमची पहिली अट," साहेब जेवताना म्हणाले. "अर्थमंत्री फोन करतील. माझा मोबाईल इथे लागत नाही, म्हणून तुमच्या घरचा नंबर दिलाय. सोमवारच्या आत ठरवायचंय."

"आधी बटाटे घ्या, साहेब," डोलिना म्हणाली. पण बटाटे तिने त्यांच्याऐवजी माझ्या ताटात वाढले.

शनिवार गेला. फोन आला नाही.

रविवार देवाचा, त्या दिवशी आमच्याकडे कुणी काम करत नाही. जेवण आदल्या दिवशीच शिजतं, पोरांचे झोपाळेसुद्धा बांधून ठेवतात. फोन तर कुणी उचलतच नाही. लॉकहार्टसाहेब शहरी माणूस, सकाळीच बूट चढवून डोंगरावर गेले. फोन आला तर डोलिना घेईल, असं त्यांनी धरलेलं. रविवारी कोण फोन करतंय, असं डोलिनाने धरलेलं. एकमेकांना कुणी विचारलं नाही.

चर्चहून येऊन आम्ही तिघं थंड जेवण जेवत होतो आणि फोन वाजला.

डोलिना अर्धी उठली. टोर्मोदने तिच्याकडे पाहिलं.

"आज वार कोणता गं?"

"टोर्मोद, तो असेल..."

"वार कोणता?"

ती बसली. फोन वाजत राहिला. थांबला, पुन्हा वाजला. आणि मी, मूर्खासारखा, म्हणालो, "अर्थमंत्र्यालाही देव आहे म्हणा, उद्या करेल." टोर्मोद हसला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कुणीच हसलं नाही.

साहेब डोंगरावरून परतले, फोन वाजल्याचं कळताच धावत त्याच्याकडे गेले. तोवर सरकारने दुसऱ्या एका पक्षाशी जमवून घेतलं होतं. त्या पक्षाला शहरातल्या बसचं भाडं कमी करून हवं होतं. बजेट मंजूर झालं. त्यात आमचं बेट नव्हतं.

साहेब डोलिनाला एक शब्द बोलले नाहीत. तिला तेच जास्त लागलं.

जानेवारीत सलग नऊ दिवस बोट आली नाही. टोर्मोदला हेलिकॉप्टरने नेलं. डॉक्टर म्हणाले, आता मुख्य भूमीवरच, इस्पितळाजवळ राहा. तिथल्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. "समुद्र कुठे ठेवलाय यांनी?" असं त्याने मला विचारलं. एप्रिलमध्ये तो त्याच बोटीने परत आला, पेटीतून. आमच्या रिवाजाप्रमाणे बेटावरचा प्रत्येक पुरुष चार पावलं खांदा देतो. माझी चार झाली, तरी मी बाजूला होईना. मागच्या माणसाने मला हळूच ओढलं.

दोन वर्षांनी, दुसऱ्या बजेटात, दुसऱ्याच पक्षाच्या अटीवर खुर्ची आली. तोवर माझीही मूत्रपिंडं गेली होती. पहिला बसणारा मी.

डोलिना दर खेपेला डबा घेऊन येते, शेजारी बसते. मागच्या मंगळवारी मी शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मी उचलायला हवा होता गं फोन."

"तू? तुझ्या तोंडात अख्खा बटाटा होता, फिनली."

आम्ही दोघंही हसलो. मग ती त्या यंत्राच्या नळीकडे बघत राहिली.

"मी उचलला असता तर टोर्मोद फार रागावला असता," ती म्हणाली. आणि डब्याचं झाकण लावत, "पण रागवायला का होईना, तो असता तरी."