पपईवाले डॉक्टर

आमच्या कॉलनीत पपईवाल्या डॉक्टरांच्या हातगुणाची फार ख्याती होती. मला तो हात फक्त औषध लिहिताना दिसला. मूल खुर्चीत, डॉक्टर टेबलापलीकडं आणि तपासणीच्या पलंगावर औषध कंपन्यांनी भेट दिलेल्या खोक्यांची रास.

हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. आमची चार वर्षांची सानिका आठवडा आठवडा शौचाला जायची नाही. पोट तट्ट फुगायचं, चड्डीला डाग पडायचे. डॉक्टर मान वर न करता विचारायचे, पपई देता का? देतो म्हटलं, की अजून द्या. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतून घरी येताना नवरा रोज पपई आणायचा.

एकदा मी म्हणाले, जरा पोट बघता का. ते हसले. "ताई, बद्धकोष्ठता बघायची नसते, ऐकायची असते." हे वाक्य त्यांना फारच आवडलेलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्यांनी ते पुन्हा ऐकवलं. पोर चालताना अडखळते असं सांगितलं, तर म्हणाले, चपला बदला.

शेवटी नणंद आम्हाला हर्सूलच्या एका डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेली. हात लावू का, असं त्यांनी आधी सानिकालाच विचारलं. तळहात चोळून ऊबदार केले आणि हळूहळू पोट दाबलं. आत साठलेले घट्ट खडे माझ्याही हाताला लावून दाखवले. मग तिला कुशीवर वळवून शौचाची जागा नुसती पाहिली, पाठ पाहिली. माकडहाडाच्या वर केसांचा बारीक झुपका होता. मी ती जन्मापासूनची लव समजत होते. मॅडमनी गुडघे, तळपाय तपासले आणि म्हणाल्या, "दुखणं पोटाचं नसेल, मणक्याचं असेल. एमआरआय करून घेऊ."

मज्जारज्जू खाली चिकटलेला निघाला; त्यामुळं आतडी आणि पायांकडं जाणाऱ्या नसा ताणल्या जात होत्या. ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर पायांतली ताकद गेली असती, असं सर्जन म्हणाले. पोट सुधारायला बरेच महिने लागले, पण सुधारलं.

फाइल घेऊन मी पपईवाल्यांकडं गेले. निदान पुढच्या पोरांची तरी पाठ बघतील, एवढीच आशा होती. त्यांनी कागद चाळून माझ्याकडं सरकवले.

"पाठीचं तुम्ही कधी बोललाच नाहीत."

त्या क्षणी माझा राग संपला. राग धरावा असं त्या खुर्चीत कुणी नव्हतंच.

मागच्या वर्षी ते वारले. शोकसभेला जाऊन येऊ, असं नवरा म्हणाला.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "माणूस गेल्याचं मला वाईट वाटतं. डॉक्टर गेल्याचं नाही."